परवानगीचे विडंबन : 'स्पेसबॉल्स'

विडंबनकाराचे खरे भांडवल म्हणजे मूळ कृतीचा व्यासंग. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मधील थट्टेला धार आली, ती ज्यांची थट्टा करायची त्यांच्या लकबी आणि शब्दांची हौस त्यांना नेमकी ठाऊक होती म्हणून. हाच दंडक मेल ब्रुक्स यांच्या 'स्पेसबॉल्स' (१९८७) या अमेरिकन विनोदी चित्रपटास आम्ही लावू इच्छितो.

त्याचे लक्ष्य उघड आहे : जॉर्ज लुकस यांचा १९७७ चा 'स्टार वॉर्स'. स्पेसबॉल ग्रहावरील राज्यकर्त्यांनी आपली हवा उधळून टाकली आहे. आता शेजारच्या ग्रहाची हवा पळवावयाची, म्हणून तेथील राजकन्येस ते पकडू पाहतात. आणि तिला वाचविण्यास निघतो तो एक कर्जबाजारी नायक.

व्यासंगाचा प्रत्यय पहिल्याच दृश्यात येतो. मूळ चित्रपटात प्रेक्षकाच्या डोक्यावरून अजस्र यान सरकते व तो दिपून जातो. ब्रुक्स यांचे यान मात्र सरकतच राहते, काही केल्या संपत नाही. विस्मयाचा कंटाळा होतो आणि कंटाळ्याचे हसू. मूळच्या खलनायकाचा मुखवट्याआडचा श्वास धडकी भरविणारा होता. येथे त्या शिरस्त्राणात जीव गुदमरतो म्हणून झडप वर उचलली जाते आणि आत दिसतो तो चष्मा लावलेला एक चिरकूट माणूस. रिक मोरॅनिस यांनी हे सोंग फार गंभीरपणे वठविले आहे. त्यातच त्याची गंमत आहे.

सर्वच काही या तोलाचे नाही. नावांवरील कोट्या स्वस्त आहेत, प्रेमकथा रेंगाळते. 'एलियन' व 'प्लॅनेट ऑफ द एप्स' यांची शेवटी जोडलेली ठिगळे ओळखीचा आनंद देतात, त्यापलीकडे काही नाही. शिवाय 'स्टार वॉर्स'चा तिसरा भाग १९८३ सालीच येऊन गेला होता. थट्टेस उशीर झाला होता.

तरीही हा चित्रपट आम्हांस मोलाचा वाटतो, तो निराळ्याच कारणाने. निसटलेल्या नायकाचा ठावठिकाणा लागावा म्हणून खलनायक याच चित्रपटाची कॅसेट मागवितात आणि पडद्यावर स्वतःसच पाहू लागतात. पुढे योगर्ट नावाचा बुटका गुरू — हे काम ब्रुक्स यांनीच केले आहे — शिष्यास ज्ञान देण्याऐवजी चित्रपटाच्या नावाचे टॉवेल, डबे व बाहुल्या मांडलेले दुकान दाखवितो. लुकस यांनी संमती देताना या चित्रपटाची खेळणी विकू नयेत अशी अट घातली होती, हे ब्रुक्स यांनीच सांगितले आहे. ज्याची थट्टा करावयाची त्याचीच परवानगी घेणाऱ्या विडंबनाचे दात बोथट होतात, असा आक्षेप यावर कोणी घेईल. तो अगदीच खोटा नाही. मूळ कथेतील भाबड्या सत्-असत् विचारास ब्रुक्स यांनी फारसा धक्का लावलेला नाही. परंतु अटीने जे विकण्यास मनाई केली, तेच त्यांनी पडद्यावर हास्याचा विषय करून मांडले आणि त्या साम्राज्याच्या वर्मावर बोट ठेवले. अंतराळातील ती महागाथा जितकी चित्रपटगृहात, तितकीच खेळण्यांच्या दुकानातही नांदत होती. एवढे एक सत्य हसत हसत पदरात टाकणाऱ्या कृतीचे बाकीचे दोष रसिकाने पोटात घालावेत, असे आमचे मत आहे.