ऐतिहासिक मालिकांतील संबोधने आणि पूर्वग्रहाचा लोप

दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांच्या सत्यासत्यतेची चर्चा बहुधा वेशभूषा, वास्तू, तिथी आणि नातेसंबंध यांपुरती मर्यादित राहते. पगडीचा घाट चुकला, तर तो तत्काळ दाखविला जातो. परंतु पात्रे परस्परांना कोणत्या शब्दांनी हाक मारतात, याकडे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः समाजातील उच्चनीचभाव जितका संबोधनात उतरतो, तितका तो अन्य कोणत्याही भाषिक घटकात उतरत नाही. म्हणून मालिकांच्या ऐतिहासिकतेची कसोटी येथेही लावून पाहणे अगत्याचे आहे.

या मालिकांची भाषा जुनी वाटते, ती मुख्यतः शब्दसंग्रहामुळे. 'मसलत', 'खलिता', 'मोहीम' असे काही शब्द पेरले, की काळाचा आभास निर्माण होतो. शेष वाक्यरचना मात्र विसाव्या शतकातील ऐतिहासिक कादंबरीची असते. रणजित देसाई यांच्या १९६२ च्या 'स्वामी' या कादंबरीवर १९८७ मध्ये दूरदर्शनने मालिका सादर केली. त्या कादंबरीच्या संस्कृतप्रचुर, भारदस्त गद्याचा वारसा पुढील मालिकांतूनही जाणवतो. शिवकालीन दरबारी मराठीतील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश रचावा लागला, यावरूनच त्या शब्दांचे तत्कालीन प्राबल्य स्पष्ट होते. तथापि शब्दसंग्रहातील हा कालविपर्यास गौण होय. गंभीर प्रश्न आहे तो संबोधनाचा.

अभिवादनाचा शब्द कोणी वापरावा, हा पेशवाईत सत्तेचा विषय होता. सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये, असा ठराव पुणे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईतील कंपनी सरकारने १७७९ मध्ये केला. महाराने 'जोहार' म्हणावे, ही रूढी तर कितीतरी जुनी. पुढे विदर्भात कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी 'जय भीम' या अभिवादनाचा प्रसार केला, तेव्हा केवळ एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला नाही. एक सामाजिक संबंध नाकारला गेला. पेशवाईवरील मालिकांत मात्र सर्व स्तरांतील पात्रे एकमेकांशी बहुतांशी आजच्या सभ्य मराठीत बोलतात. ज्या शब्दासाठी सरकारी ठराव होतो, तो शब्द तेथे कोणाच्याही मुखी निर्वेधपणे येतो.

सर्वच विषमता पुसली जाते, असेही नाही. आणि हीच गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. पतीचे नाव न घेणे, त्यास 'अहो' म्हणणे, त्याने मात्र 'तू' म्हणणे ही रीत मालिकांत आवर्जून जपली जाते; किंबहुना ती गोडव्याचे साधन बनते. २०१२ मध्ये सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील मालिका येथे विचारात घेण्याजोगी आहे. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या एकतीस वर्षांच्या विधुर रानड्यांचा १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह झाला, हे सुधारणायुगातील कठोर वास्तव आहे. मालिकेने स्त्रीशिक्षणास झालेला विरोध दाखविला, हे तिचे श्रेय निर्विवाद. परंतु हा विरोध प्रामुख्याने घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या स्वभावदोषासारखा भासतो. पूर्वग्रह हा व्यक्तीचा दुर्गुण ठरला, की तो समाजाचा नियम होता, हे झाकले जाते.

यावर असा आक्षेप संभवतो, की जातिवाचक शब्द आजही अपमानार्थ वापरले जातात. ते घराघरांत पुन्हा ऐकविणे म्हणजे जुनी जखम उघडणे होय. हा आक्षेप उपेक्षणीय नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याच अनुभवातून आला आहे. पण वगळण्याने नेमके कोणाचे रक्षण होते, हे तपासावयास हवे. २०२५ मध्ये 'फुले' या हिंदी चित्रपटाच्या परिनिरीक्षणात 'मांग', 'महार' व 'पेशवाई' हे शब्द वगळण्यास सांगण्यात आले. आता, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने लिहिलेला, १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झालेला निबंध पाहावा. त्याच्या शीर्षकातच यांपैकी पहिले दोन शब्द आहेत, आणि बाजीरावाच्या राज्यातील छळाचे कथन त्यात आहे. सोसणाऱ्यांनी स्वतः वापरलेले शब्दच गेले, तर साक्षही गेली.

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' (२०१९) आणि 'सावित्रीजोती' (२०२०) या मालिकांनी अस्पृश्यतेचे चित्रण केले, तेव्हा माध्यम असमर्थ आहे, असे म्हणता येत नाही. मात्र यातून एक विचित्र विभागणी सिद्ध होते : सोसणाऱ्यांच्या चरित्रात पूर्वग्रह आहे, सत्ताधाऱ्यांच्या चरित्रात तो नाही. जणू ते दोन निरनिराळे समाज होते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. 'मले', 'तुले' म्हणणारी वऱ्हाडी, कोलामांची द्राविडी कुळातील कोलामी, गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरबोली या येथील भाषा होत. मराठ्यांच्या फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरविले ते लमाण तांड्यांनी. तरीही पडद्यावरील मोहिमांत तांडा सहसा दिसत नाही आणि त्याची बोली ऐकू येत नाही. दरबाराच्या तोंडी प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी आलीच तर विनोदापुरती, ही वाटणी म्हणजे आजचा पूर्वग्रह कालच्या इतिहासावर लादणे होय. अशा रीतीने मालिका जुना पूर्वग्रह वगळते आणि नवा नकळत घालते.

पदव्युत्तर अभ्यासकांनी म्हणून मालिकांचे संवाद भूतकालीन भाषेचा पुरावा मानू नयेत. ते निर्मितीकाळाच्या भाषिक संकोचाचा पुरावा म्हणून अवश्य अभ्यासावेत. कोणते पात्र कोणास 'तू' म्हणते, कोण कोणत्या शब्दाने अभिवादन करते आणि कोणास बोलावयास वाक्यच मिळत नाही, यांची पद्धतशीर नोंद केल्यास मालिकेने दाखविलेल्या इतिहासाइतकाच तिने टाळलेला इतिहासही हाती येईल.