जुगाड की जुळणी? इंजिनबदल आणि स्वयंचलित गिअरबॉक्स : एक चिकित्सा

ग्रामीण यंत्रकौशल्याच्या गौरवासाठी ‘जुगाड’ हा शब्द अलीकडे सर्रास योजला जातो. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप गौरवास नसून त्या शब्दास आहे. देवराष्ट्रे (जि. सांगली) येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६०,००० रुपयांत भंगारातून घडविलेल्या छोट्या जीपचे डिसेंबर २०२१ मध्ये मोठे कौतुक झाले. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. ही गाडी नियमांत बसत नाही, असेही त्यांनी नमूद केले होते. कौतुकाच्या गदारोळात ते मागे पडले.

ती जीप दुचाकीच्या इंजिनावर, किक मारून सुरू होते. हा तपशील गमतीचा वाटला, तरी निर्मात्याची समज नेमकी तेथेच दिसते. दुचाकीत इंजिन व गिअरबॉक्स सामान्यतः एकाच आवरणात असतात. तो संच जसाच्या तसा घेतल्यास दोन परक्या यंत्रांना जोडण्याचा पेचच उरत नाही. अशा निवडीस जुगाड म्हणणे म्हणजे तिच्यामागील विचार नाकारणे होय.

जुन्या जीपमध्ये निराळे इंजिन बसवून त्यास स्वयंचलित गिअरबॉक्स जोडू पाहणाऱ्यास ही वाट मोकळी नसते. दोहोंचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये ॲडॉप्टर प्लेट घालावी लागते. क्रँकशाफ्ट आणि टॉर्क कन्व्हर्टर यांचे मध्य एका रेषेत नसतील, तर तेलपंप व सील लवकर निकामी होतात. चांगल्या लेथवर एवढे साधते. खरी अडचण पुढे आहे. गिअर केव्हा बदलावा हे मूळ इंजिनाच्या ताकदीवर बेतलेले असते. नव्या गिअरबॉक्समध्ये तो निर्णय संगणक घेतो आणि त्यास इंजिनाच्या संगणकाकडून वेग व भार यांची माहिती लागते. अनोळखी इंजिनाकडून ती मिळत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास त्यात मनाई आहे.

गडचिरोलीच्या जंगलात हा प्रश्न अधिक बिकट होतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद पडतो. बॅटरी उतरलेली साधी जीप चार माणसे ढकलून सुरू करतात. स्वयंचलित गाडी सहसा तशी सुरू होत नाही, कारण गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चालती चाके जमिनीवर ठेवून ती आलापल्लीपर्यंत ओढत नेली, तर गिअरबॉक्स तेलावाचून वाटेतच जळू शकतो.