कॅन्डिडाच्या जीनचा बँड दिसला, म्हणजे काय सिद्ध झालं?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात मायक्रोबायोलॉजी शिकताय आणि 'पेशंटच्या नमुन्यांतल्या कॅन्डिडाचे विरुलन्स जीन' हा विषय डोक्यात आहे? जरूर घ्या. जवळच सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पीसीआर आता आवाक्यातला आहे. पण या विषयावरचे बरेच पेपर एकाच ठिकाणी घसरतात, ते आधी बघा.

मांडणी ठरलेली असते. लघवी, थुंकी, योनीस्राव यांतून आयसोलेट्स काढले, डीएनए काढला, एचडब्ल्यूपी1, एएलएस3, सॅप यांचे बँड जेलवर पाहिले, टक्केवारीचा तक्ता दिला. आणि निष्कर्ष: 'हे स्ट्रेन घातक आहेत.' त्या जेलवरून हे निघतच नाही!

कॅन्डिडा अल्बिकन्स निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यातही राहते आणि हे जीन तिच्यातही असतात. घरोघरी विळा असतो, म्हणून घरोघरी मारामारी झाली असं आपण म्हणत नाही. एचडब्ल्यूपी1 मुख्यतः हायफा तयार होताना चालू होतो. डीएनएवरचा पीसीआर जीन आहे एवढंच सांगतो, तो चालू होता का हे नाही.

मग आरएनए काढू? काढा, पण सॅबुरो अगारवर दोन दिवस वाढवलेल्या वसाहतीचा आरएनए प्लेटची गोष्ट सांगतो, पेशंटची नाही.

पुरावा कसा असतो हे पाहायचं तर 2016 मधलं कॅन्डिडालायसिनचं काम वाचा. ईसीई1 जीन काढून टाकल्यावरही हायफा बनल्या, पण पेशींना इजा झाली नाही. स्टॅनली फॅल्कोनी 1988 मध्ये मांडलेली कसोटी साधारण हीच: जीन काढा, फरक बघा, परत घाला, पुन्हा बघा.

एवढं एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये जमणार नाही, मान्य. पण सगळ्या प्रजाती एका टक्केवारीत कोंबू नका. ग्लाब्राटामध्ये अल्बिकन्ससारखे सॅप जीन नाहीतच, तिथला 'निगेटिव्ह' निरर्थक आहे. बँड आला नाही तर डीएनए नीट निघाला होता का, हे आयटीएसच्या पीसीआरने तपासा. सीरममध्ये 37 अंशांवर दोन-तीन तासांची जर्म ट्यूब टेस्ट, एग योक अगारवर फॉस्फोलायपेज, क्रिस्टल व्हायोलेटने बायोफिल्म हे जोडीला करा. स्वस्त आहे, आणि यीस्ट प्रत्यक्ष काय करते ते दिसतं.

आणि निरोगी लोकांचे आयसोलेट्स तुलनेला हवेतच. त्यांची परवानगी एथिक्स कमिटीच्या पहिल्याच अर्जात मागा. नमुने गोळा झाल्यावर आठवलं, तर अर्ज पुन्हा करावा लागतो.