वाचलेली गावं

उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या तीन कादंबऱ्या वाचून झाल्या. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आणि विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'. तिन्ही जुन्याच. 'पाचोळा' १९७१ सालची, 'झाडाझडती' १९९१ची, 'बारोमास' २००२ची. पोरं अशी पुस्तकं पास होण्यापुरती वाचतात. मी साठी उलटल्यावर गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर बसून वाचली. माझी नोकरी हिशेबाची, वाचन फावल्या वेळेचं. म्हणून मापही साधंच ठेवलं. आपण ज्या घरात वाढलो तसलं घर या पुस्तकात दिसतं का? आणि ते घर सांगतंय कोण?

'पाचोळा'त घर सांगते पारबती. गंगाराम शिंप्याची बायको. गंगाराम हाताचा कसबी, पण मोडेल पण वाकणार नाही असला माणूस. गावात नवा शिंपी येतो, गिऱ्हाईक तिकडं वळतं, आणि याचा हेका काही सुटत नाही. गोष्ट एवढीच. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर ती धंद्याची झाली असती. जुनं गेलं, नवं आलं, संपलं. पारबती सांगते म्हणून ती चुलीपाशी येते. नवऱ्याचा ताठा तिला दिसतो, त्या ताठ्यापायी घरात काय काय होतंय तेही दिसतं, आणि तरी तो माणूस तिला टाकून बोलवत नाही. रागवावं की कीव करावी, हे तिचं तिलाच ठरवता येत नाही. आमच्याकडच्या घराघरांत हेच असतं. बाप्या माणूस पारावर बसून आपली इज्जत राखतो, आणि त्या इज्जतीचा खर्च बाई डब्यातल्या पिठातून भागवते.

बोराडे सर मूळचे लातूरकडच्या काटगावचे. पुढं आमच्याच शहरात देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांनी पारबतीची बोली नटवलेली नाही, हे मला फार आवडलं. पुष्कळ ग्रामीण गोष्टींत 'व्हय' आणि 'न्हाई' हे भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे वरून टाकलेले असतात. इथं बोली काढली तर पारबतीच उरत नाही. पुस्तक लहानसं आहे. दोन दुपारी पुरतं. पुढं आठवडाभर मात्र दुसरं काही हातात धरवलं नाही.

'बारोमास' त्यापेक्षा पुष्कळ मोठी. बुलढाण्याकडचं सांजोळ गाव, तिथला एकनाथ शिकून बसलेला. नोकरीला पैसे मोजावे लागतात, ते नाहीत, म्हणून शेती. आणि शेती म्हणजे काय, हे या कादंबरीइतकं सविस्तर मी कुठं वाचलेलं नाही. नांगरटीपासून बाजारापर्यंत एकेक गोष्ट तिच्या घामासकट येते. बाप सुभानराव गुप्तधनाच्या नादी लागतो, ते वाचून शहरातला माणूस हसेल. मला हसू आलं नाही. जिथं कष्ट करून काही हाती लागत नाही तिथं माणूस जमिनीत हंडा शोधायला लागतो, यात नवल काय? धाकट्या मधूला जमीन विकून नोकरी घ्यायची आहे. असला मधू आमच्या भावकीत दर दोन घरांआड एक आहे. २००४ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, तो वावरातल्या माणसाला मिळाल्यासारखा वाटतो.

पण एक गोष्ट खटकली. एकनाथची बायको अलका. शिकलेली पोरगी, या घरात येऊन पडली. तिची चिडचिड, तिचं टोचून बोलणं कादंबरीत भरपूर आहे. मात्र आपण बहुतेक वेळ एकनाथच्या बाजूला बसलेलो असतो, त्याच्या डोक्यातला काहूर ऐकत. त्यामुळं अलका म्हणजे त्याच्या दुःखात आणखी एक भर, असं होऊन बसतं. हे पुस्तक आमच्या घरातूनही वाचलं गेलं. तिचं मत माझ्याहून कडक.

"पाऊस पडला नाही तर पावसाला कुणी वाईट म्हणत नाही," ती म्हणाली, "भाव पडला तर म्हणतात नशीब. अन् ही बोलली तर हीच वाईट. हिनं लग्न लावून घेतलं ते काय उपाशी राहायला?"

मी म्हटलं, "लेखकानं तिला खोटं तर नाही ना दाखवलं?"

"खोटं नाही. पण ऐकून घेतलं का तिचं?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि अजून नाही. हीच कादंबरी अलकेनं सांगितली असती तर शेतीचं दुःख कमी झालं नसतं. उलट त्या दुःखाचा वाटा घरात कसा होतो, कुणाच्या पानात किती पडतो, ते कळलं असतं. 'पाचोळा' लहान असून जड वाटते ती यामुळं.

'झाडाझडती' मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. पैठण तालुक्यातलं आमचं जुनं गाव नाथसागराच्या पोटात आहे. जायकवाडीचं धरण १९७६ साली पुरं झालं. आज गारखेड्याच्या नळाला जे पाणी येतं, तेही दिवसांच्या खाड्यानं येतं, ते तिथलंच. म्हणजे आमचं घर बुडवलेलं पाणी आम्ही गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवतो. हे दर वेळी मनात येत नाही. आलं तर पाणी पिता येणार नाही.

विश्वास पाटील महसूल खात्यात अधिकारी होते, ते पानोपानी कळतं. धरणाखाली गेलेली जांभळी, तिथले खैरमोडे गुरुजी, आणि मग कागद. मोबदल्याचा कागद, पर्यायी जमिनीचा कागद, या टेबलावरून त्या टेबलावर. उठवलेल्या माणसाला पाणी एकदा बुडवतं, कागद रोज बुडवतात, हे या पुस्तकानं जसं दाखवलं तसं दुसऱ्या कुणी दाखवलेलं माझ्या तरी वाचनात नाही. माझा बाप त्या वर्षांत सारखा तालुक्याला असायचा. पत्र्याच्या पेटीत कागदांची चळत, आणि संध्याकाळी घरी येऊन न बोलता बसणारा बाप, एवढंच मला माहीत होतं. दिवसभर तो कुठल्या दारांसमोर उभा असेल, ते मला या कादंबरीनं सांगितलं. बाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एका पुस्तकानं माणूस इतका उशिरा का होईना, थोडा तरी हाताशी आणून द्यावा, ही लहान गोष्ट नाही.

माय मात्र त्यात सापडली नाही. कादंबरीत माणसं इतकी, गाऱ्हाणी इतकी, की एका घरात बूड टेकून बसायला तिला सवड होत नाही. राग मोठा आहे, खराही आहे. पण तो चावडीवरचा राग आहे. माय त्या दिवसाबद्दल एकच वाक्य बोलायची. "पानी आलं तव्हा चुलीत इस्तू व्हता." पुढं काही नाही. त्या विस्तवाचं काय केलं, विझवला की तसाच सोडला, ते तिनं कधी सांगितलं नाही. उन्हाळ्यात धरण आटतं तेव्हा जुन्या भिंतींचे पाये उघडे पडतात, लोक बघायला जातात. ती एकदाही आली नाही.

तिन्ही पुस्तकं जपून ठेवण्यासारखी आहेत. कुणी विचारलं तर आधी 'पाचोळा' वाचा म्हणेन, मग 'बारोमास', आणि ज्यांच्या घरात असली पत्र्याची पेटी आहे त्यांनी 'झाडाझडती' टाळू नये. पण दुष्काळानं मोडलेलं गाव आणि धरणानं बुडालेलं गाव वाचून झाल्यावर मला आणखी एक गाव वाचायचं आहे. गारखेडा हेही खेडंच होतं, नावात अजून आहे. त्याला ना पाण्यानं बुडवलं ना उन्हानं जाळलं. सातबाऱ्यावरची वावरं गेली, प्लॉट पडले, कॉलन्या झाल्या. पैसा आला म्हणून कुणी त्याला दुःख म्हणत नाही. आमच्या गल्लीत जुन्या वस्तीतली एक म्हातारी आहे. सूतगिरणी चौकाकडं दूध आणायला निघाली की सुनेला सांगते, "चिंचेच्या वावरात जाऊन येते गं." तिथं आता चिंच नाही अन् वावरही नाही. सून मान डोलावते. ते वावर विकायचं ठरलं त्या रात्री घरात कोण काय बोललं, ते म्हातारीला माहीत आहे. ती कादंबरी तिच्या तोंडून ऐकायची आहे.