दुसरीच्या वर्गातील संख्यावाचन : कृती, भाषा आणि पाठ्यपुस्तक (वाशीम जिल्ह्याच्या भाषिक संदर्भात एक चिकित्सा)

सारांश : सन २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद उद्भवला. हा वाद प्रामुख्याने भाषाभिमानाच्या अंगाने झाला. वर्गातील अध्ययन कृतींच्या अंगाने त्याची चर्चा अल्प झाली. प्रस्तुत लेखात मराठी संख्यानामांची घडण, पाठ्यपुस्तकाने केलेला बदल, त्यावरील आक्षेप आणि वाशीमसारख्या बहुभाषिक जिल्ह्यातील वर्गाच्या गरजा यांची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : संख्यानाम, स्थानिक किंमत, अध्ययन कृती, पाठ्यपुस्तक, घरभाषा.

१. प्रास्ताविक

प्राथमिक शिक्षणात इयत्ता दुसरीचे स्थान नाजूक असते. पहिलीत मूल वस्तू मोजू लागते. दुसरीत त्याला दशक आणि एकक यांची व्यवस्था आत्मसात करावयाची असते. दहा सुट्या वस्तूंचा एक गट्ठा होतो व तो गट्ठा 'एक' म्हणून लिहिला जातो, ही कल्पना वरवर सोपी असली तरी बालबुद्धीला ती मोठी झेप आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दुसरीला पायाभूत स्तराची अखेरची इयत्ता मानले आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन अपेक्षित धरले आहे. अशा स्थितीत दोन अंकी संख्याच कच्च्या राहिल्या, तर पुढील सारी इमारत डळमळीत होते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांपैकी तो एक ठरला. या यादीच्या निकषांत शिक्षणाचाही समावेश होता. त्यामुळे दुसरीच्या वर्गात एखादी कृती कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

२. मराठी संख्यानामांची घडण

मराठी संख्यानामे संस्कृत-प्राकृत परंपरेतून आली आहेत. 'द्वाविंशति'पासून 'बावीस' आणि 'एकोनविंशति'पासून 'एकोणीस' हा प्रवास भाषाशास्त्राच्या दृष्टीने रम्य आहे. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण क्रमाची. २१ लिहिताना दशकाचा अंक आधी येतो, तर 'एकवीस' म्हणताना एकक आधी उच्चारला जातो. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि कान उलट दिशेने. श्रुतलेखनात छत्तीसऐवजी ६३ लिहिले जाते, ते याच कारणाने.

दुसरी अडचण रूपांच्या अस्थिरतेची. सहा हा अंक 'सोळा', 'सव्वीस', 'छत्तीस', 'सेहेचाळीस', 'छप्पन्न', 'सहासष्ट', 'शहात्तर', 'शहाण्णव' या शब्दांत कितीतरी वेषांतरे करतो. दशकेही बदलतात. पन्नासचे कोठे 'वन्न' तर कोठे 'पन्न' होते. साठचे 'सष्ट', सत्तरचे 'हत्तर' आणि नव्वदचे 'ण्णव' होते. परिणामी नियम शोधून पुढचा शब्द स्वतः घडविण्याची संधी मुलाला मिळत नाही. बहुतेक नावे स्वतंत्र शब्दांसारखीच पाठ करावी लागतात.

तिसरी अडचण वजाबाकीची. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस येथपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे 'पुढील दशकाला एक कमी' अशा रीतीने बनली आहेत. ३९ मध्ये चार हा अंक कोठेही नाही. नावात मात्र चाळीस आहे. त्यातही ९९ ला हा नियम लागू पडत नाही. तेथे 'नव्याण्णव' येते. मुलाने नियम ओळखला तरी तो शेवटच्या पायरीवर त्याला सोडून जातो.

द्राविडी भाषांची स्थिती भिन्न आहे. कन्नड आणि तेलुगू भाषांत वीसच्या पुढील संख्या 'वीस-एक' अशाच क्रमाने उच्चारल्या जातात. पाठ्यपुस्तक मंडळ कन्नड व तेलुगू माध्यमांसाठीही पुस्तके काढते. म्हणजे एकाच राज्यात एका माध्यमाच्या मुलाला जे भाषा आयते देते, ते दुसऱ्या माध्यमाच्या मुलाला कष्टाने मिळवावे लागते.

३. पाठ्यपुस्तकातील बदल आणि वाद

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, म्हणजेच बालभारतीने, २०१९ च्या पुस्तकात वीसच्या पुढील संख्यांसाठी दशक आधी घेणारी वाचनपद्धत दिली. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षस्थानी डॉ. मंगला नारळीकर (१९४३-२०२३) होत्या. उलटा क्रम व जोडाक्षरे यांमुळे मुलांना संख्यावाचन अवघड जाते आणि गणिताविषयी नावड निर्माण होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. जुनी नावे रद्द केलेली नसून दोन्ही रूपे ग्राह्य आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

तरीही जून २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून, समाजमाध्यमांतून व विधानसभेतही हा विषय गाजला. त्यात उपहासाचा भाग मोठा होता. आक्षेपांचे तीन गट पडतात. मराठीचा ठेवा नष्ट होईल, हा पहिला. पिढ्यान्‌पिढ्या मुले हीच नावे शिकली, मग आताच अडचण कशी, हा दुसरा. व्यवहारात कोणी 'वीस एक' म्हणत नाही, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपामागील आस्था खरी आहे. निदान मात्र चुकीचे आहे. भ्रमणध्वनी क्रमांक सांगताना, किंमत विचारताना मराठी तरुण आज सहज इंग्रजी अंकांकडे वळतो. मराठी संख्यानामे 'वीस एक'मुळे नव्हे, तर 'ट्वेंटी वन'मुळे मागे पडत आहेत. वर्गात ती नावे अर्थासह पक्की झाली नाहीत, तर ही घसरण थांबणार नाही. दुसऱ्या आक्षेपात अर्धसत्य आहे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांच्या घोकंपट्टीवर जुनी शाळा उभी होती आणि तीतून उत्तम हिशेबनीस निघाले. परंतु त्या शाळेतून गळालेल्या मुलांची मोजदाद या युक्तिवादात कधी होत नाही. सर्वांना शिक्षण देण्याचे दायित्व स्वीकारलेल्या व्यवस्थेला टिकलेल्यांच्या यशावर समाधान मानता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मूल आठवडी बाजारात जाते, एस.टी.चे तिकीट पाहते, आजोबांकडून सोयाबीनचा भाव ऐकते. तेथे त्याला 'अठ्ठेचाळीस'च ऐकू येणार. शाळेची भाषा आणि बाजाराची भाषा एकमेकींना न भेटणाऱ्या राहिल्या, तर गणित पुस्तकापुरते उरते.

या संदर्भात नॉर्वेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १९५१ मध्ये 'एक आणि वीस' हा क्रम अधिकृतपणे बदलून 'वीस-एक' करण्यात आला. शाळा व शासनव्यवहार यांनी नवा क्रम स्वीकारला. तरी बोलीत जुना क्रम पुढे दीर्घकाळ टिकला. संख्यानामे आदेशाने बदलतात, परंतु सावकाश आणि अपुरी. म्हणून 'बदल की परंपरा' अशी निवड करण्यापेक्षा नव्या रूपाचे वर्गातील कार्य निश्चित करणे अधिक उपयुक्त ठरते.

४. कृतीचा अभाव : मुख्य उणीव

पाठ्यपुस्तकाने प्रश्न अचूक हेरला. उत्तराची मांडणी मात्र अपुरी राहिली. दोन रूपे शेजारी-शेजारी दिल्याने ती एकमेकांना पर्याय असल्याचा समज झाला. वस्तुतः ती दोन पायऱ्या आहेत. 'वीस एक' हे संख्येचे नाव म्हणून नव्हे, तर संख्येचे वर्णन म्हणून महत्त्वाचे आहे. हे वर्णन हातातील कृतीतून उमटले तरच त्याला अर्थ येतो.

वाशीम जिल्ह्यातील वर्गासाठी साहित्य दूर शोधावे लागत नाही. तुराट्यांचे तुकडे, चिंचोके, सुतळी एवढ्यावर काम भागते. दहा तुकड्यांची एक मोळी बांधावी. मुलाने तीन मोळ्या व सहा सुटे तुकडे समोर मांडले, की तो जे पाहतो तेच बोलतो : 'तीस आणि सहा'. पाटीवर ३६ लिहिले जाते. त्यानंतरच शिक्षकाने सांगावे की याला आपण 'छत्तीस' म्हणतो. येथे वस्तू, वर्णन, अंक आणि नाव असा क्रम लागतो. घोकंपट्टीत हा क्रम नेमका उलटा असतो. तेथे नाव प्रथम येते आणि वस्तू बहुधा येतच नाहीत.

एकोणचाळीससाठी वेगळी कृती हवी. चार मोळ्या मांडून एक मोळी सोडावी व तीतून एक तुकडा काढून घ्यावा. तीन मोळ्या व नऊ सुटे उरतात आणि 'एक उणे चाळीस' हा नावातील अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. जे नाव आजवर अडथळा होते, तेच वजाबाकीचा पहिला धडा ठरते. संख्यानामांचा ठेवा जपण्याचा हा मार्ग ठेव्याच्या नुसत्या गौरवापेक्षा अधिक फलदायी आहे.

शिवाय दशक वेगळे सांगण्याची रीत मराठी लोकव्यवहाराला सर्वस्वी परकी नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी पिढी विसांनी मोजत असे. 'तीन विसा नि पाच' म्हणजे पासष्ट. त्या मोजणीचा आधार दहा नसून वीस होता. पण मोठा गट आधी आणि सुटे नंतर हीच तिची पद्धत होती. 'वीस एक' परके आहे, असा सरसकट निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

५. घरभाषेचा प्रश्न

वाशीम जिल्ह्यात हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून जिल्ह्यात तांड्यांची वस्ती लक्षणीय आहे. तांड्यावरील अनेक मुलांची घरभाषा गोरमाटी असते. गावातील मूल वऱ्हाडी बोलते. उर्दू माध्यमाच्या शाळाही जिल्ह्यात आहेत. प्रमाण मराठीतील 'त्रेसष्ट' वऱ्हाडी मुलाने कानावरून घेतलेले असते. गोरमाटी मुलाला ते शाळेतच प्रथम भेटण्याची शक्यता असते. त्याच्या बाबतीत भाषा आणि गणित या दोन अडचणी एकाच शब्दात एकवटतात. शिक्षक मात्र त्याच्या चुकीची नोंद 'गणितात कच्चा' अशी करण्याचा संभव असतो. अज्ञान शब्दाचे असते, ठपका बुद्धीवर येतो.

अशा मुलासाठी 'साठ तीन' हे वर्णन खरा आधार ठरू शकते, कारण त्याला नव्वदहून अधिक सुटी नावे पाठ करण्याऐवजी दशकांची व एककांची मोजकीच नावे पुरतात. राज्यस्तरीय वादात या मुलाचा आवाज जवळजवळ ऐकू आला नाही. सोय-गैरसोय ठरविणारे बहुतांशी प्रमाण मराठीत वाढलेले प्रौढ होते. 'आम्हाला तर जमले' हा त्यांचा दाखला तांड्यावरील मुलाला लागू करणे न्याय्य नाही.

६. निष्कर्ष

१) २०१९ च्या बदलामागील शैक्षणिक निदान सबळ होते, त्याची वर्गातील योजना दुबळी राहिली.

२) दशक आधी घेणारे वाचन हे रूढ नावांना पर्याय म्हणून नव्हे, तर त्यांच्यापर्यंत नेणारी पायरी म्हणून, वस्तूंच्या कृतीसह यावे.

३) रूढ संख्यानामे दुसरीतच अर्थासह शिकविली जावीत. व्यवहाराची ती गरज आहे आणि इंग्रजी अंकांकडे होणारी घसरण रोखण्याचाही तो उपाय आहे.

४) मूल्यमापनात स्थानिक किमतीची समज आणि नावाचे स्मरण यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावी. दोन मोळ्या व एक तुकडा अचूक मांडणाऱ्या, परंतु 'एकवीस' न आठवणाऱ्या मुलाला नापसंतीचा शेरा मिळू नये.

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू करण्यास आरंभ झाला आहे. दुसरीच्या पुस्तकाच्या निमित्ताने संख्यावाचनाचा प्रश्न पुन्हा विचारात घ्यावाच लागेल. त्या वेळी चर्चेचा आरंभ भाषेच्या अस्मितेपासून न होता, जमिनीवर मोळ्या मांडून बसलेल्या मुलाला काय कळले, या प्रश्नापासून व्हावा, एवढी अपेक्षा रास्त ठरते.