निदान कोणी करावे? गडचिरोलीच्या प्रयोगाची समीक्षा

निदान हे डॉक्टरांचे काम आणि निरीक्षण हे नर्सचे, असे आपण शिकत आलो आहोत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ही विभागणी गडचिरोलीत तपासून पाहिली. ३९ गावांतल्या, जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूत स्त्रियांनी नवजात बाळाचा जंतुसंसर्ग घरीच ओळखला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले. १९९९ मध्ये ‘लान्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.

२००५ मध्ये याच कामातून एक सुटसुटीत निकष पुढे आला. दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, अंग थंड लागणे अशा सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, की उपचार सुरू करायचे.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घ्या. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. बाळाला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळावर उपचार, आईचे शिक्षण हे सारे एकत्र चालले होते. म्हणून घटलेल्या मृत्यूंचे सगळे श्रेय निदानाला देता येत नाही. आणि ‘सातपैकी दोन’ हा नियम उपचार केव्हा सुरू करायचे ते सांगतो. नेमके काय झाले आहे, ते सांगत नाही. खेड्यातल्या घरात तेवढे पुरते. अतिदक्षता विभागात पुरत नाही.

समजा, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रात्री तरुण रुग्ण अस्वस्थ आहे. नाडी १२०, श्वास २८, रक्तदाब ठीक. ‘दुखत असेल’ म्हणून वेदनाशामक दिले, तर तुमचा विचार तिथेच थांबला. आत रक्तस्राव होत असेल, तर तरुण शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते. तो घसरेपर्यंत उशीर झालेला असतो.

भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला आहे. पण केवळ रात्रपाळ्या केल्याने निदानविचार येत नाही. आपला अंदाज खरा ठरला की खोटा, हे कळावे लागते.

म्हणून आजपासून वहीत चार गोष्टी लिहा: पहिला अंदाज, दुसऱ्या दोन शक्यता, पहिला अंदाज खोटा ठरवणारी खूण आणि पुन्हा तपासण्याची वेळ. दुसऱ्या दिवशी निकालाशी ताडून पाहा. डॉक्टरांना फोन करताना नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणू नका; काय वाटते आणि का, तेही सांगा. आरोग्यदूतांवर विश्वास बसला, तो त्यांच्या नोंदींमुळे. तुमच्यावरही तसाच बसेल.