‘कफन’ : विरोध आणि सन्निधी

कथालेखनाच्या वहीत ‘एकीकडे बंगला, दुसरीकडे झोपडी’ अशी वाक्ये तुम्हीही लिहिली असतील. त्यांत विरोध आहे, पण कथा नाही; कारण त्या बंगल्याचा आणि झोपडीचा एकमेकांशी काही संबंधच येत नाही. विरुद्ध गोष्टी शेजारी ठेवणे, म्हणजे सन्निधी, एवढ्याने भागत नाही. एकीमुळे दुसरीचे काही बिघडले पाहिजे.

या दृष्टीने प्रेमचंदांची ‘कफन’ (१९३६) पुन्हा वाचा. झोपडीच्या दाराशी, विझलेल्या शेकोटीजवळ घीसू आणि माधव हे बापलेक चोरून आणलेले बटाटे खात बसले आहेत. आत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांनी तळमळते आहे. माधव उठत नाही, कारण तो आत गेला तर बाप मोठा वाटा संपवील. म्हणजे बटाटे आणि वेणा नुसते शेजारी नाहीत. बटाट्यांनीच दार अडवले आहे. तशातच घीसूला वीस वर्षांपूर्वीचे, ठाकुराच्या वरातीतले जेवण आठवते. पुऱ्या, भाज्या, दही, मिठाई अशी ती लांबलेली यादी वाचताना आपल्यालाही क्षणभर आतल्या बाईचा विसर पडतो. माझ्या मते कथेतली सर्वांत भेदक जागा हीच. वाचक इथे त्या दोघांच्या पंगतीला बसतो.

पुढे बुधिया मरते, कफनासाठी गावातून पाच रुपये जमतात आणि ते दारूच्या गुत्त्यात संपतात. पोट भरल्यावर उरलेल्या पुऱ्या माधव एका भिकाऱ्याला देतो आणि दान देण्याचा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळतो. वरातीतले जेवण असे मयताच्या पैशांवर परत येते.

मध्येच निवेदक थांबून, राबणाऱ्यांचीही स्थिती फारशी बरी नसलेल्या समाजात ही वृत्ती कशी निपजते ते समजावून सांगतो. मला ते खटकते. प्रसंगाने ते आधीच सांगितलेले असते. पण ते गाळून बघा, म्हणजे अडचण कळेल. या बापलेकांची जात कथेत स्पष्ट आहे, आणि हे निर्दयपण नेमके त्यांच्याच माथी का, असा आक्षेप दलित समीक्षकांनी घेतला आहे. निवेदकाचे ते स्पष्टीकरण काढले तर या आक्षेपाची धार आणखी वाढते. विरोध जितका तीव्र, तितकी त्याची किंमत कोणत्या पात्राला मोजावी लागते हे लेखकाला पाहावे लागते.

आता हाच प्रसंग झोपडीच्या आतून, बुधियाच्या बाजूने एका पानात लिहा. भाजलेल्या बटाट्यांचा वास तिच्यापर्यंत येतो, हे विसरू नका.